बारावा निरोगी माणूस

नव्या औषधाची चाचणी निरोगी माणसांवाचून अडली होती. कॅन्सरचे रुग्ण हवे तेवढे होते, सांधे सुजलेल्यांची तर रांग होती. पण तुलनेसाठी बारा धडधाकट माणसं लागत होती आणि मिळाली होती अकरा. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुमच्या घरी कोणी आहे?" मी स्कॅन काढणारा, मला स्वतःला त्यात शिरायची मनाई. मी ताईचं नाव दिलं. ताई आयुष्यात एकदाच दवाखान्यात गेली होती, तेही माझ्या डोक्याला टाके घालून घ्यायला.

हे औषध शिरेतून सोडलं की बिघाड असेल तिथे जमतं आणि पडद्यावर ती जागा उजळते. खोड एकच. कॅन्सर आणि साधी सूज, दोन्ही सारखेच उजळतात. म्हणून दीड तासाने पुन्हा स्कॅन. सूज असली तर ठिपका फिका पडतो. कॅन्सर असला तर पडत नाही.

ताईच्या पहिल्या स्कॅनमध्ये स्वादुपिंडावर ठिपका उजळला.

"सूज असेल," मी म्हणालो.

"असेल की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि घड्याळ लावलं.

लोक देवाकडे काय काय मागतात. मी दीड तास बहिणीच्या पोटात सूज मागत बसलो.

पलीकडच्या खोलीतून माइकवर ताईचा आवाज आला. "अहो फोटोग्राफर, झालं का? पोटात कावळे ओरडतायत."

"अजून एकदा काढायचाय."

"का? मघाशी माझे डोळे मिटले होते?"

दुसऱ्या स्कॅनमध्ये ठिपका आणखी ठळक झाला होता. डॉक्टरीणबाईंचा चेहरा क्षणभर खुलला. भल्या बाई, त्यांनी तो लगेच आवरला. "सुईने तुकडा काढून तपासावा लागेल," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "पण औषध काम करतंय." या वाक्यासाठी आम्ही तीन वर्षं खपलो होतो. "मी सांगू का त्यांना?"

"नको. मी सांगतो."

ताई बूट घालत होती. माझं तोंड बघून ती एका पायावर थांबली.

"कुठे?"

मी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"तिथे तर कधी दुखलंही नाही रे. नीट बघितलंस ना? तुझं लहानपणापासून सगळं घाईचं."

"दोनदा बघितलं, ताई."