माझ्या कपाळावर ‘ओपन सोर्स’

मी केरबाच्या मोबाइलमधलं एक छोटंसं सॉफ्टवेअर बोलतोय, आणि खरं सांगू? भीतीनं माझी गाळण उडालीये.

मला वल्लरीनं बनवलं. ती कोल्हापुरात जनावरांची डॉक्टर. म्हशीला काही इंजेक्शनं दिली की थोडे दिवस तिचं दूध माणसानं प्यायचं नसतं. ते दिवस मोजायचे, एवढंच माझं काम. तिनं मला सगळ्यांसाठी खुलं केलं, कपाळावर ‘ओपन सोर्स’ असं लिहिलं. मग एखादी कंपनी मला उचलून विकेल या धास्तीनं खाली अट घातली, ‘धंद्यासाठी वापरू नये.’ दोन्ही सुखानं नांदतील असं तिला वाटलं. मलाही.

कोडोलीच्या एका पाहुण्याकडून मी केरबाकडे आलो. केरबा गंगावेशीतल्या कट्ट्यावर सहा म्हशी आणतो आणि तिथंच धार काढून गिऱ्हाइकाच्या हातात फेसाळता ग्लास देतो. पूर्वी तो दिवस मोजायला दाव्याला गाठी मारायचा. मी आल्यापासून गाठी बंद झाल्या.

आज सकाळी त्यानं मला उघडलं, तोच शेजारी दूध पीत उभा असलेला सौमित्र डोकावला. तो सॉफ्टवेअरवाला.

“केरबामामा, याला ओपन सोर्स म्हणणं चूक आहे. ओपन सोर्स म्हणजे कुणीही, कशासाठीही वापरावं. यात तर धंद्याला मनाई आहे.”

“मग माझा धंदाच हाय की! आता नोटीस यील व्हय?”

सौमित्रनं तिथूनच ओळखीच्या वल्लरीला फोन लावून सगळं सांगितलं. “अरे, केरबामामांसारख्यांसाठीच तर केलंय मी ते!” ती कळवळून म्हणाली.

“मग अट काढ. नाहीतर तो शब्द तरी काढ.”

“संध्याकाळपर्यंत सांगते.”

शब्द गेला तर मी खोटा उरणार नाही, पण अट राहील आणि मी केरबाला परका होईन. अट गेली तर उद्या कुणीही मला विकायला बसेल. मला दोन्हीची भीती वाटते.

पण केरबाला संध्याकाळपर्यंत धीर कुठला! “उगं लचांड नगं,” म्हणत त्यानं माझ्यावर बोट दाबून धरलंय. ‘काढून टाकायचं का?’ असं पडद्यावर आलंय. थोरली म्हैस पान्हावलीये, तिच्यापुढे रोजच्या गिऱ्हाईक आक्का रिकामा ग्लास घेऊन उभ्या आहेत.

केरबा, मला काढ, खुशाल काढ. पण आधी एकदाच आतलं पान बघ. थोरलीला इंजेक्शन दिलंय, तिचे अजून दोन दिवस बाकी आहेत.