मापाचा कुर्ता

मी एक जुना कुर्ता आहे. पांढरा. पांढरा म्हणायचं आपलं, कारण धुऊन धुऊन माझा रंग आता ताकावर गेलाय, आणि मी चांगलाच ढगळ आहे. पण मित्रांनो, हसू नका. शिंप्याकडे नवीन काही शिवायला टाकताना अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा आपण बरोबर नेतो, आणि सांगतो, "ह्याच मापाचा शिवा." तो मापाचा कपडा मी. अक्षताचा मापाचा कुर्ता म्हणून मी अकरा वर्षं काढली. कपड्याच्या जातीत हा मान काही लहानसहान नाही, सांगून ठेवतो.

माझा जन्म कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावातला. भाऊसो टेलर म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. भाऊसो कापायचे आणि शिवायचे, त्यांची बायको अंजना हूक-बटणं लावायची, आणि अक्षता ही त्यांची एकुलती एक लेक शाळेतून आली की कात्रणांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. अंगानं भरलेली पोर. हसली की डोळे मिटायचे.

ती पंधरा वर्षांची असताना बुद्धपौर्णिमेसाठी तिला पांढरा ड्रेस हवा होता. तयार. मैत्रिणींसारखा. भाऊसो तिला हौसेनं एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या माणसानं तिला वरून खालून बघितलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा म्हणाला, "पावणं, ह्या मापाचं लेडीजमध्ये येत न्हाय. पलीकडं जेन्ट्सचं हाय, तिथं बघा." लोक फिदीफिदी हसले. अक्षता आपल्या चपलांकडं बघत उभी राहिली.

भाऊसो शांत माणूस. पण त्या दिवशी म्हणाले, "माझ्या पोरीच्या मापाचं तुमच्याकडं न्हाय, ह्यात पोरीची काय चूक? दुकानच बारकं हाय तुमचं." आणि शेजारच्या दुकानातून पांढरं सुती कापड घेऊन घरी आले. ते कापड म्हणजे मी.

घरी दुकानात चार बायका बसलेल्या. भाऊसोंना सवय होती, माप घेताना आकडा मोठ्यांदा म्हणायचा आणि मग वहीत लिहायचा. खांदा म्हणाले, बाही म्हणाले, उंची म्हणाले. मग टेप छातीभोवती आला. पोरीनं श्वास रोखून धरला होता. टेप चाळिसावर थांबला, मी फळीवर पडल्या पडल्या बघितलं. भाऊसोंनी पोरीच्या तोंडाकडं बघितलं.

"अडतीस," ते म्हणाले, आणि वहीत लिहिलंसुद्धा.

मग कापलं कसं? आकड्यावर नाही कापलं, पोरीकडं बघून कापलं. शिवाय दोन्ही बाजूंच्या शिवणीत आत चांगलं दोन-दोन बोटं कापड सोडलं. अंजना म्हणाली, "एवढं कशाला आत?" तर म्हणाले, "वाढतीय की पोर. उद्या उसवायला नको व्हय?" मी अक्षताच्या अंगावर गेलो आणि असा बसलो, असा बसलो की आरशासमोर तिचे डोळे मिटले.

तेव्हापासून वहीत अडतीस आणि कापताना मी, असा आमचा कारभार. नवीन ड्रेस शिवायचा झाला की भाऊसो आधी टेप लावायचे, मोठ्यांदा "अडतीस" म्हणायचे, लिहायचे, आणि मग गुपचूप मला फळीवर पसरून माझ्या कडेनं खडू फिरवायचे. पोर वाढली तशी त्यांनी मला दोनदा उसवून सैल केलं. दोन इंचांचं खोटं वाढत वाढत सहा इंचांचं झालं. वही मात्र हलली नाही. अकरा वर्षं अडतीस!

तुम्ही म्हणाल, पोरीला कळलं नाही? अहो, शिंप्याची पोर ती! सोळाव्या वर्षीच एकदा भाऊसो चहाला गेलेले बघून तिनं स्वतःच टेप लावला होता. आकडा बघितला, टेप होता तसा गुंडाळून ठेवला, आणि बापाला काही म्हणजे काही बोलली नाही. पुढच्या वेळी ते "अडतीस" म्हणाले तेव्हा शहाण्यासारखी मान डोलावली. बापाला वाटायचं लेकीला ठाऊक नाही. लेकीला वाटायचं, आपल्याला ठाऊक आहे हे बापाला ठाऊक नाही. दोघांचं सगळं मला ठाऊक, आणि मला तोंड नाही.

ते दिवस काय सांगू तुम्हाला! दर बुद्धपौर्णिमेला, दर चौदा एप्रिलला मी विहारात जायचो. बायका विचारायच्या, "कुणी शिवलाय गं?" अक्षता म्हणायची, "पप्पांनी." पुढं ती शिक्षिका झाली, पहिलीच्या पोरांना शिकवायला लागली, तरी दुकानातला कपडा तिनं अंगाला लावला नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना भाऊसो कोपऱ्यावरून गरम भजी आणायचे आणि बापलेक पायरीवर बसून खायचे. अंजना आतून ओरडायची, "जेवायच्या वेळंला कशाला गं ती भजी?" दोघंही ऐकायचे नाहीत.

गेल्या वर्षी, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, भाऊसोंच्या छातीत दुखायला लागलं. स्वतःच्या पायांनी चालत जाऊन रिक्षात बसले, ते परत आले नाहीत. मशीनखाली एका कागदात पांढरं कापड गुंडाळलेलं राहिलं. अक्षताच्या पुढच्या ड्रेससाठी त्यांनी आणून ठेवलेलं, अजून कात्री न लागलेलं.

अक्षताला घास गिळेना. मुद्दाम नव्हे, खरंच गिळेना. संध्याकाळी त्या पायरीकडं बघवायचं नाही म्हणून ती चालायला निघायची, ती पार हायवेच्या पुलापर्यंत. महिने गेले तशी पोर झिजत गेली. आणि मित्रांनो, लोक तिचं कौतुक करायला लागले! "काय सुंदर दिसायला लागलीस गं! काय खातीस सांग की!" ती म्हणायची, "काही नाही." ते अगदी खरं उत्तर होतं, पण ते कुणाच्याच ध्यानात यायचं नाही.

मी आणि भाऊसोंनी शिवलेले बाकीचे एकोणीस कपडे, सगळे तिच्या अंगाला मोठे झालो. रोजच्या कपड्यांना ती आतून पिना लावायची, वर ओढणी घ्यायची. अंजनानं एकदा ट्रंक उघडली आणि म्हणाली, "आता ही कुठवर ठेवायची? बसत न्हाईत, काई न्हाई. कुणाला तरी दे. न्हाईतर एखाद्या शिंप्याकडनं आवळून आण."

"आवळायचं म्हंजे पप्पांची शिवण उसवायची," अक्षता म्हणाली. "आणि दिली तर मग त्यांचं काय राहिलं गं माझ्याजवळ?"

अंजनानं ट्रंक लावून टाकली. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिचाही नवराच गेला होता ना.

मग पहिला स्मृतिदिन जवळ आला. विहारात वंदना व्हायची होती, पांढरं नेसायला हवं. अक्षतानं ते गुंडाळलेलं कापड काढलं, ट्रंकेतून मला काढलं, आणि शहरात शाळेच्या वाटेवर मोनाताईंचं शिलाईचं दुकान आहे तिथं दोघांना टाकलं. म्हणाली, "अगदी असाच शिवा. पप्पांच्या स्मृतिदिनाला घालायचाय." जन्मात तिचं माप असं एकच होतं, मी. वर्षभरात ती आरशासमोर धड उभी राहिली नव्हती. पिना रोज सवयीनं लागायच्या, पण तिच्या डोक्यात ती अजून तीच होती. मी पिशवीतून ओरडत होतो, अगं, मी नव्हे, टेप लावून घे! पण माझं कोण ऐकतंय.

मोनाताईंनी अगदी असाच शिवला. घरी येऊन अक्षतानं तो अंगात घातला आणि खांदा घसरून कोपरावर आला.

दुसऱ्या दिवशी ती आम्हा दोघांना घेऊन परत दुकानात गेली. तिथं आधीच कोडोलीच्या शालूबाई आणि त्यांची लेक तेजस्वी बाकावर बसलेल्या. तेजस्वी चौदा-पंधराची, गुबगुबीत, ओढणी दोन्ही हातांनी पुढं धरून बसलेली.

"ताई, हा फार सैल झालाय," अक्षता म्हणाली.

"सैल? मापावर माप ठेवून कापलाय मी! आण हिकडं." मोनाताईंचा आवाज म्हणजे रस्त्यापलीकडं ऐकू जाणारा. त्यांनी मला टेबलावर पसरलं, टेप लावला. "हे बघ. जुना, छाती चव्वेचाळीस. नवा, चव्वेचाळीस. माझं कुठं चुकलं सांग की!"

जो आकडा भाऊसोंनी अकरा वर्षं ओठांवर येऊ दिला नाही, तो त्या बाईनं भर दुकानात म्हणून टाकला. दोनदा! माझी लाजेनं चिंधी झाली. बाकावरच्या तेजस्वीनं मान खाली घातली.

"आणि हे माप आणलंस कुणाचं?" मोनाताईंनी विचारलं.

"माझंच."

"तुझं? आगं बाई, ह्यात तुझ्यासारख्या दोघी मावतील. उभी ऱ्हा सरळ." त्यांनी टेप तिच्या छातीभोवती घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अडतीस."

अक्षता हललीच नाही. "काय म्हणालात?"

"अडतीस. पुरतं अडतीस."

ती मटकन बाकावर बसली आणि जी रडायला लागली, ती थांबेचना. मोनाताई गांगरल्या. "आगं, अडतीस काय वाईट हाय व्हय? रडतीस कशाला?"

"माझे पप्पा हेच म्हणायचे," अक्षता हुंदके देत म्हणाली. "दर वेळी हेच म्हणायचे."

"मग बरोबरच म्हणायचे की!" मोनाताई म्हणाल्या, आणि तिला आणखीच जोरात रडू फुटलं.

वही खरी झाली होती, मित्रांनो. आणि ज्यानं ती लिहिली त्याला जाऊन सांगायची सोय नव्हती. तो असता तर पोर अडतीस झालीच नसती, हेही तितकंच खरं. मी टेबलावर पडून होतो. आता खोटं माप माझं होतं.

मोनाताईंनी तिला पाणी दिलं. आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "नवा मी संध्याकाळपर्यंत बसवून देते. ह्या जुन्याचंबी करू का? बाजूनं उसवून कापला की येईल अंगाला."

माझ्या मनात काय होतं, खरं सांगू? काप म्हण, असं होतं. कात्री लागली तर लागू दे, पण तिच्या अंगावर राहू दे. अक्षतानं मला उलटा केला. बाजूच्या शिवणीवरून बोट फिरवलं. आत टाक्यांच्या भोकांच्या रेघा होत्या, भाऊसोंनी मला दोनदा सैल केल्याच्या.

"नको," ती म्हणाली. "ह्या शिवणीला हात नका लावू."

तेवढ्यात तेजस्वी उठून दाराकडं सरकली. "आई, आपण नंतर येऊया."

"नंतर कवा? परवा भावाचा साखरपुडा हाय. चल, हो पुढं!" शालूबाईंनी तिला दंडाला धरून पुढं ढकललं.

मोनाताईंनी टेप लावला. पोरीनं श्वास रोखून धरला. तो श्वास मी ओळखला, आणि अक्षतानंही ओळखला. मोनाताईंनी आकडा बघितला, म्हणायला तोंड उघडलं, "छाती..."

"ताई," अक्षता उभी राहिली. डोळे अजून ओलेच होते. "अडतीस म्हणा."

मोनाताईंनी तिच्याकडं बघितलं. टेपाकडं बघितलं. मग त्या पोरीकडं. बाई तोंडाची फटकळ, पण आतून मऊ. नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अडतीस!" आणि वहीत लिहिलं.

"अडतीस?" शालूबाई म्हणाल्या. "गेल्या वेळंला दुसरीकडं तर..."

"टेप माझा हाय का तुमचा, मावशी?"

तेजस्वीनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मोनाताई अक्षताच्या कानाशी लागल्या, "आगं, पण कापू कशावरनं?"

अक्षतानं मला उचललं. नाकाशी धरलं. भाऊसोंचा काही वास उरला नव्हता, साबणाचाच होता. तरी तिनं बराच वेळ धरून ठेवलं.

"ह्याच्यावरनं," ती म्हणाली. मोनाताईंनी मला तेजस्वीच्या पाठीला लावून बघितलं, तर खांद्याला खांदा जुळला.

"परत कवा न्यायला येशील?"

"नको. तिलाच द्या मापाला, परत परत लागतंय. आणि घरात अजून एकोणीस हायत. कुणाला दुकानात काही मिळत नसलं तर मला सांगा." एवढं बोलून ती माझ्या रिकाम्या पिशवीची घडी घालत बसली. एवढीशी पिशवी, पण घडी काही संपेना.

तिचा नवा कुर्ता स्मृतिदिनाला कसा दिसला, मला ठाऊक नाही. बसलाच असेल. कापड भाऊसोंनी आणलेलं होतं ना! मी आता कोडोलीत असतो, तेजस्वीच्या कपाटात. पोर चांगली आहे, मला जपते. पण मी कुणाच्या हातचा आहे, हे ह्या घरात कुणाला माहीत नाही. संध्याकाळी कुठं भज्यांचा वास आला की मला उचगावची ती पायरी आठवते, आणि फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे अंगाला मोठे झालेले कपडे असतील, तर ते वर्षानुवर्षं ट्रंकेत कोंडून ठेवू नका. ज्याला दुकानातून परत पाठवलं असेल, त्याला द्या. आणि कधी कुणाचं माप घ्यायची वेळ तुमच्यावर आली, तर आकडा हळू सांगा. थोडा कमी सांगितलात तरी चालेल. कापताना मात्र बरोबर कापा.