ठणठणीत

“‘लवकर बऱ्या व्हा.’ हे कोणाला म्हणतेय ही बाई?” ठसेवालीने फोन धाकट्या भावाच्या नाकाखाली धरला.

“तुलाच. पैसे दिलेत तिने. आभार मान आणि पुढे चल.”

“पण मला झालंय काय?”

भाऊ चहात बिस्कीट बुडवत राहिला. त्याने मान वर केली नाही, तशी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

खरं तर ती पाल तिच्याकडे कायमची मुक्कामाला होती. दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारी बाई. कुलूप लावलं की ओढून बघायची, चार पावलं जाऊन परत यायची आणि पुन्हा ओढायची. जन्मभर लाकडावर ठसे कोरून तिने दुसऱ्यांच्या खोक्यांवरची लेबलं आणि पिशव्या छापल्या होत्या. आता स्वतःचं पुस्तक काढायचं होतं. गल्लीतली बंद पडलेली दुकानं, एकेकाचा एकेक ठसा: छत्रीवाला, घड्याळवाला, शिंपीण. ठसे तयार होते, पण कागद आणि बांधणी परवडत नव्हती. म्हणून भावाने तिला इंटरनेटवरून लोकवर्गणी मागायला लावलं होतं. मुदतीत ठरलेली रक्कम जमली तर पुस्तक, नाहीतर ज्याचे पैसे त्याला परत.

“अनोळखी माणूस कशाला देईल?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“फुकट नाही देत. प्रत्येकाला पुस्तक आणि एक चित्र मिळणार.”

“तरीपण कशाला देईल?”

सुरुवातीला कोणी पैसे दिलेच नाहीत, तेव्हा तिला एका परीने बरं वाटलं. जग तिच्या ओळखीचंच निघालं होतं. मग गेल्या आठवड्यात अचानक ओघ लागला आणि तिची झोप उडाली.

आता तिने सगळे निरोप वाचून काढले. ‘धीर सोडू नका.’ ‘माझ्या आईलाही हेच झालं होतं.’ चित्रांबद्दल अवाक्षर नव्हतं. वर्गणीच्या पानावरचा मजकूर तिने स्वतः तीनदा तपासला होता, त्यात आजाराचं नाव नव्हतं. तपासला नव्हता तो फक्त भावाने काढून तिथे टाकलेला तिचा व्हिडिओ. स्वतःचं तोंड बघायची तिला लाज वाटली होती.

तिने तो लावला. एक हडकुळी बाई, डोक्याला घट्ट फडकं, कडेला केसाचा मागमूस नाही. खिडकीतल्या फिकट उजेडात ती दमल्या आवाजात म्हणत होती, “हे पुस्तक हातून व्हावं, एवढीच इच्छा आहे.”

केस एकदा छापयंत्राच्या रुळात अडकले होते, तेव्हापासून ती ते अगदी बारीक कापायची. फडकं लाकडाचा भुसा डोक्यात जाऊ नये म्हणून होतं. आणि आवाज कॅमेऱ्याच्या धास्तीने बसला होता. पण तिऱ्हाइताला हे कुठून कळणार?

“फडकं राहू दे, असं तूच म्हणालास.”

“छान दिसत होतं म्हणून.”

“तेव्हाच ठाऊक होतं तुला!”

“नाही गं ताई, शपथ! नंतर एकाने खाली काहीतरी लिहिलं, ते वाचून दुसऱ्याने. आपण खोटं कुठे बोललो? लोकांनी आपलं आपण धरून घेतलं.”

“आणि तू मिठाची गुळणी धरून बसलास.”

“हो, बसलो!” भाऊ चिडला. “खरं सांगत होतो तेव्हा किती जण आले? तुझे ठसे मी लहानपणापासून बघतोय. आणखी कोणीतरी बघावेत असं वाटतं मला. पुस्तक घरी गेलं की बघतीलच ना!”

एरवी त्याचा प्रत्येक शब्द उलटापालटा करणाऱ्या तिला हे मात्र पटलं. रक्कम जमली होती, मुदतीचे दोनच दिवस उरले होते; तेवढे गप्प राहिलं की पुस्तक हातात. तिने शिंपिणीच्या दुकानाचं चित्र समोर घेतलं. बंद दाराच्या कडीला तिने दोऱ्याचं एक टोक कोरलं होतं. तेवढ्यासाठी अख्खा दिवस गेला होता. हे चित्र वर्गणीच्या पानावरही होतं, पण इतक्या निरोपांत त्या दोऱ्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

“लिही,” ती म्हणाली. “मी ठणठणीत आहे. केस कामासाठी कापते. आजारी समजून पैसे दिले असतील तर काढून घ्या. चित्रांसाठी दिले असतील तर राहू द्या.”

भावाने लिहिलं, पण पाठवायला त्याचा हात धजेना. शेवटी तिनेच बोट दाबलं.

संध्याकाळपर्यंत आकडा निम्म्यावर आला. ‘फसवलंत,’ कोणी लिहिलं. ‘लाज वाटत नाही?’ दुसऱ्याने. आयुष्यभर तिने जगावर घेतलेला संशय जग आता व्याजासकट परत करत होतं. ती एका कोपऱ्यात बसून रडली. भाऊ तिच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

मुदत संपली. उरलेले पैसेही ज्याचे त्याला गेले.

त्यानंतर एक निरोप आला. भावाने वाचून दाखवला: “माझे पैसे परत आले. पण शिंपिणीच्या कडीला तो दोरा कसला आहे?”

“हा का विचारतोय?”

“विचारावंसं वाटलं म्हणून.”

तिने फोन घेऊन स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं. मग उठून शिंपिणीचा ठसा काढला आणि फुंकर मारून पुसला.

“पत्ता माग त्याचा. आणि नीट विचार, चित्रच हवंय ना म्हणून.”

भाऊ लिहू लागला. तिने डोक्याला तेच फडकं घट्ट बांधलं आणि चित्र छापायला रुळाने शाई लाटायला घेतली.