आमच्याच उंचीवरचं विमान

मामाचं विमान विकायचं की ठेवायचं, हे त्या सकाळच्या एका फेरीवर ठरणार होतं. मामीने तसं जाहीर केलं होतं, आणि आमच्या घरात मामीच्या निकालावर अपील नसतं. मागच्या महिन्यात मामा हवेत एका दुसऱ्या विमानाच्या इतक्या जवळून गेला की त्या पायलटला मिशा होत्या हे त्याने घरी येऊन सांगितलं. कौतुकाने सांगितलं. तिथे चुकलं.

"आज पुन्हा कुणाच्या अंगावर गेलात," मामी म्हणाली, "तर विमान दातांच्या डॉक्टरांचं."

दातांचे डॉक्टर म्हणजे गिऱ्हाईक. ते धावपट्टीच्या कडेला दुर्बीण घेऊन उभेच होते. म्हाताऱ्याच्या खाटेपाशी वारस उभे असतात तसे. अधूनमधून पंखाकडे बघून मान हलवत होते.

विमान दोन सीटचं. डावीकडे मामा, उजवीकडे मी, त्याची भाची. मांडीवर टॅबलेट, सीटच्या मागे मामीने थंडीसाठी ठेवलेली स्वेटरची पिशवी. मामीने महिन्यापूर्वीच मामाला काचेला चिकटवायची एक डबी आणून दिली होती. ती डबी सतत "मी इथे आहे" असं आकाशभर ओरडत असते, आणि बाकीच्या विमानांचं ओरडणं ऐकून त्यांचे ठिपके पडद्यावर दाखवते. ज्यांच्याकडे डबी नाही ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठी आपले डोळे. मामाने ती डबी मोज्यांच्या खणात टाकून दिली होती. "मी काय आंधळा आहे?" आज मात्र निघताना त्याने ती खिशातून काढून गुपचूप काचेला लावली.

"मामीला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिला वाटेल मी घाबरलो."

"घाबरलायस का?"

"खूप."

वर जाऊन विमान जेमतेम सरळ झालं, तोच डबी बोलली. "ट्रॅफिक. मागे. उंची तीच."

मी पडद्यावर बघितलं. आमच्या शेपटीला चिकटून एक ठिपका. नाव नाही, नंबर नाही. मी मान वळवून मागे बघितलं. आकाश होतं.

"कोणी नाहीये."

"असं कसं? डबी ओरडतेय ना." मामाने विमान डावीकडे वळवलं. ठिपका डावीकडे वळला. उजवीकडे वळवलं, तोही आला. मामाने वेग कमी केला. आता तो पुढे जाईल, असं आम्हाला वाटलं. त्यानेही वेग कमी केला.

"ओव्हरटेकसुद्धा करत नाही," मामा म्हणाला. आवाजात जरा आदर होता. "मुरलेला माणूस दिसतोय."

"ट्रॅफिक," डबी म्हणाली. "डावीकडे. उंची तीच."

डावीकडे पंख होता. पंखाच्या पलीकडे काही नव्हतं. मग डबी उजवीकडे म्हणाली. मला वाटलं, आता तो बहुतेक आमच्या आतच येऊन बसणार.

खालून रेडिओवाल्याचा आवाज आला. त्याच्याही पडद्यावर दोन ठिपके होते. "मामासाहेबांच्या मागचे जे कोणी आहेत, त्यांनी कृपया बोलावं." कोणी बोललं नाही. "बोलत नाहीयेत," त्याने आम्हाला कळवलं. "आधी कोण उतरणार?"

"त्याला उतरू दे," मामा म्हणाला. "मी थांबतो."

आम्ही धावपट्टीभोवती घिरट्या घालायला लागलो. तोही घालायला लागला.

"ते म्हणतायत, आधी तुम्ही," रेडिओवाला म्हणाला.

"म्हणाला तसं?"

"म्हणाले नाहीत, पण तुमच्यासारखेच फिरतायत. सभ्य वाटतात."

मामाला आग्रह मोडवत नाही, पण आग्रहात हरायलाही आवडत नाही. तो आणखी एक घिरटी मारायला निघाला. पेट्रोलचा काटा मात्र कुणाचाच आग्रह न बघता खाली चालला होता. तेवढ्यात रेडिओत काहीतरी आपटलं आणि मामीचा आवाज आला.

"अहो मागचे! लाज वाटते का? दुसऱ्याच्या नवऱ्याच्या मागे असं लागतात का?"

"वहिनी, माइक द्या," रेडिओवाला लांबून म्हणाला.

"मामा, मी सगळीकडे बघितलं," मी म्हणाले. "कोणी नाही."

"आपल्या पोटाखाली असेल. तिथलं आपल्याला दिसत नाही. उतरायला गेलो तर थेट त्याच्या डोक्यावर." त्याचा चेहरा उतरला होता. "विमान गेलं गं माझं."

मी काचेला नाक लावून खाली बघितलं. ऊन लख्ख होतं, गवत पिवळं होतं, आणि गवतावरून आमची सावली पळत होती.

"मामा, सावली बघ. एकच आहे."

त्याने विमान कलतं केलं. बराच वेळ बघितलं. मग चाकं जमिनीला लावली, इतकी हलकी की उतरलो हे मला कळलंच नाही.

"दुसरंही उतरलं!" रेडिओवाला ओरडला. डॉक्टर दुर्बिणीने रिकामी धावपट्टी धुंडाळायला लागले. आधी जवळची, मग लांबची, मग आकाश.

मामी धावत आली. मामाकडे बघितलंही नाही. सीटच्या मागे हात घालून ती सकाळी ठेवलेली स्वेटरची पिशवी चाचपायला लागली. पण आत काहीतरी लुकलुकताना दिसलं म्हणून पिशवी आधीच माझ्या हातात होती. स्वेटरच्या घडीत तशीच एक डबी होती. दिवा लुकलुकत होता.

"मला वाटलं, तुम्ही तुमची लावतच नाही," मामी हळू आवाजात म्हणाली. "म्हणून दुसरी आणली. हिच्यामुळे मला फोनवर दिसता तुम्ही."

"मी लावली होती."

"मला कुठे सांगितलंत?"

"तू कुठे सांगितलंस? काखेत..."

"म्हणी नकोत."

"म्हणजे तुम्ही मायक्रोफोनवर जिला झापलंत ती..." मी सुरुवात केली. मामीने बघितलं. मी पुढचं गिळलं.

डॉक्टर धापा टाकत आले. त्यांच्या लेखी सगळ्यांसमोर मामा कुणाच्या तरी अंगावर गेला होता; शब्द म्हणजे शब्द. मामाने मान खाली घालून किल्ल्या पुढे केल्या. मामीने त्या मध्येच उचलून आपल्या पर्समध्ये टाकल्या.

"डॉक्टर, विमान विकायचं नाही. ह्यांची चूक नव्हती."

"मग कुणाची? कोण होता तो?"

"बाई होती," मामी म्हणाली. "ओळखीतली आहे. मी बोलते तिच्याशी."

"जरा कडकच बोला."

"काही उपयोग नाही," मामा म्हणाला. "ती कुणाचं ऐकत नाही."