मुक्याचं जेवण

पहिला घास तोंडात गेला होता, एवढ्यात समोरची खुर्ची सरकली आणि एक उंच, अर्धं टक्कल पडलेला माणूस राजमा-चावलची प्लेट घेऊन वृंदासमोर बसला.

"वृंदाजी? मैं नीरज. बैठिए, बैठिए, खाते रहिए."

वृंदा गडबडून उठूच लागली होती. नीरज म्हणजे कंपनीचे डायरेक्टर. सकाळी नोकरीसाठीची लेखी परीक्षा झाली, मग कंपनीतल्या दोन मुलांनी तासभर प्रश्न विचारले. शेवटी सलोनी नावाची ती ऑफिसातली गोड मुलगी म्हणाली होती, "मॅम, लंच कर लीजिए, नीरज सर बाद में मिलेंगे." म्हणून तर तिने कँटीनच्या कोपऱ्यात बसून निवांत डबा उघडला होता. साहेब जेवतानाच माणूस पारखतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि वृंदा जेवताना बोलत नसे. चातुर्मासाचा नेम होता तिचा, मुक्याने जेवायचं. घरात सगळ्यांना वाटे, आईचा नेहमीसारखाच एखादा नेम. यंदा आषाढीला देवापुढे पाणी सोडताना ती मनातल्या मनात काय म्हणाली होती, ते त्या बाळकृष्णाला आणि तिलाच ठाऊक. 'मला एकदा परत कॉम्प्युटरच्या मशिनीपुढे बसव.' बस, एवढंच.

तिने हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं, डब्याकडे खूण केली.

"दाँत में दर्द है?" नीरजने काळजीने विचारलं.

तिने नकाराची मान हलवली.

"गला? अच्छा, कोई बात नहीं. आप आराम से खाइए, मैं बोलता हूँ. मेरी वाइफ कहती है, मुझे वैसे भी सुनने वाला ही चाहिए."

तो खरंच बोलत राहिला. सन दोन हजार उजाडायला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. जगभरच्या जुन्या मशिनी तारखेत वर्षाचे दोनच आकडे लिहीत, पुढच्या शतकात त्या गोंधळणार म्हणून सगळे घाबरले होते. म्हणून तर नोएडातल्या या नव्या कोऱ्या काचेच्या इमारतीत जुनी कोबोल भाषा येणारी माणसं हवी होती, आणि म्हणूनच लेक देविका पोटात असताना सरकारी संगणक केंद्रातली नोकरी सोडलेल्या वृंदाला कुणीतरी बोलावलं होतं. वृंदा घास सावकाश चावत होती. डबा संपला की बोलता येईल. दोनच पोळ्या होत्या.

"एक इन्शुरन्स कंपनी है," राजमा कालवत नीरज म्हणाला. "उनके रेकॉर्ड में हज़ारों पॉलिसी हैं जिनकी आखिरी तारीख निन्यानवे की है. नौ-नौ-निन्यानवे. हम सोच रहे हैं, इतनी सारी पॉलिसी एक ही दिन खत्म? लड़कों ने सबको तारीख समझके—"

"नहीं नहीं, वो तारीख है ही नहीं!" वृंदा म्हणाली. "वो तो निशान है. हम ही डालते थे. जो पॉलिसी कभी खत्म नहीं होती, उसमें सब नौ भर देते थे. उसको तारीख समझके बदला तो सब बंद हो जाएँगी!"

शब्द सुटले आणि मग तिला कळलं. पोळीचा तुकडा हातातच होता.

नीरज हसत होता. त्याला उत्तर आधीच माहीत असावं. "गला ठीक हो गया?"

वृंदाने तुकडा डब्यात ठेवला. डब्याचं झाकण लावलं. बोललं की पानावरून उठायचं, हा नियमच होता.

"अरे, खाना?"

"हो गया, सर."

मग ती बोलली. किती वेळ, ते तिचं तिलाही कळलं नाही. बदल करण्याआधी कुठले रेकॉर्ड वेगळे काढायचे, लीप वर्षाचं काय, महिनाअखेरीला चालणारे प्रोग्रॅम आधी का घ्यायचे. तिचा आवाज एरवी इतका हळू की भाजीवाला दोनदा विचारी. आज शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघत होते. पोटात भूक होती आणि तिला ती लागत नव्हती.

नीरजने रुमालाने हात पुसले. "वृंदाजी, मुझे आप ही चाहिए. पासपोर्ट है?"

"पासपोर्ट?"

"बन जाएगा. अक्टूबर में न्यू जर्सी जाना है, आठ महीने. क्लायंट अपना रेकॉर्ड बाहर भेजता नहीं, काम वहीं बैठके करना पड़ेगा. नाम मुझे आज शाम तक फॅक्स करना है."

ऑक्टोबर. देविकाची दहावी. मार्चमध्ये बोर्ड. नवरा पद्माकर महिन्यातले निम्मे दिवस कानपूर-लखनौच्या दौऱ्यावर. गॅस, दूधवाला, क्लास, देवपूजा. सगळं एका क्षणात तिच्यासमोरून गेलं.

"यहाँ नोएडा में कुछ…?"

"इस प्रोजेक्ट में नहीं. और अभी मेरे पास यही है." मग तो म्हणाला, "घर पे फोन कर लीजिए. रिसेप्शन से. मैं रुकता हूँ."

"पूछने की ज़रूरत नहीं, सर," वृंदा म्हणाली. "मुझे पता है. नहीं होगा."

त्याने प्लेट उचलली. मग उठला. "एक और हैं, चेन्नई से. उनका नाम भेज देता हूँ. लेकिन आपसे बात करके अच्छा लगा, सच में."

घरी गाझियाबादला यायला दोन बस बदलाव्या लागत. दुसऱ्या बसमध्ये खिडकी मिळाली. बाहेर शेतांतून नवे मजले उभे राहत होते, अजून दारं-खिडक्या नसलेले. मागितलं ते देवाने समोर आणून ठेवलं आणि आपणच नाही म्हटलं. त्याला तरी काय बोल लावणार? नेम मोडला म्हणून उतरल्यावर बसथांब्याजवळच्या गाईला तिने उरलेली पोळी घातली आणि कुठेतरी मनात म्हटलं, उद्यापासून परत. उद्यापासून कशाला, आज रात्रीपासूनच.

पद्माकर लवकर आला होता. कुकर लावून, ताक घुसळून त्यानेच पानं घेतली होती. वृंदा हातपाय धुऊन आली, देवापुढे दिवा लावला आणि तशीच पानावर बसली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण तोवर तिने पहिला घास घेतला होता. आता जेवण होईपर्यंत ती बोलायची नाही, हे त्याला ठाऊक होतं.

देविकाला मात्र धीर नव्हता. "बाबा, आईचं झालं असणार. बिल्कुल!"

"जेवू दे तिला. नंतर सांगेल."

"राधाची मम्मी पण गेली ना कंपनीतून सिंगापूरला. छे महिने. आईला पाठवलं तर?"

"पाठवलं तर पाठवलं."

"सच्ची? आणि माझे बोर्ड्स?"

"बोर्ड तुझे आहेत की आईचे? मी साहेबांना सांगून दौरे बंद करून घेईन. ऑफिसातला मिश्रा घेईल ना ते, त्याच्या मुलाच्या बोर्डाच्या वेळी मी त्याचे घेतलेच होते." त्याने भातावर वरण वाढलं. "आणि नागपूरहून प्रभामावशीला बोलवू. ती तर टपलेलीच आहे दिल्ली बघायला."

"यार बाबा, मावशी रोज कारलं करेल."

"मग खा कारलं. आई इतकी वर्षं इथे आहेच की. काही महिने आपण तिच्याशिवाय नाही का राहू शकत?"

वृंदाचा हात भातावर थांबला. चेन्नईचं नाव एव्हाना फॅक्सवरून गेलंही असेल. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. तिने तो भाताबरोबर गिळला.

"आई, ताक?" देविकाने विचारलं.

वृंदाने वाटी पुढे केली. पद्माकरने ताक ओतलं, बोलण्याच्या नादात जरा जास्तच, अगदी काठोकाठ. ते सांडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी वाटी धरून तशीच बसून राहिली.