चोरीला न जाणारं बी

"माझ्या डिंगऱ्यांना हात लावशील तर हात मोडून ठेवीन, सांगून ठेवते!" घाटाखालच्या कोंडाणे वाडीतल्या धोंडूबाईनं सकाळी सकाळीच कुंपणावरून तोफ डागली.

शेजारची सुनंदा भांडी घासत होती. घाटावरून नुकतीच लग्न होऊन आलेली पोर, बिचारी गडबडली. "मी कशाला लावू, मावशी? बियांची पाकिटं मिळत्यात की बाजारात."

म्हातारीचं तोंडच उतरलं. अहो, हात लावावा म्हणून तर ती बोंबलत होती! डिंगऱ्या म्हणजे मुळ्याच्या शेंगा, त्यातच पुढच्या सालाचं बी. आणि वाडीची रीत अशी, की गावठी मुळ्याचं बी मागून नेलं तर मुळा पोकळ निघतो, आपण होऊन दिलं तर उगवतच नाही. चोरलेलं मात्र हमखास रुजतं. धोंडूबाईच्या सासूनंही ते चोरूनच आणलेलं. आता गावात सगळे पाकीटवाले. घाटातून उतरणाऱ्या थंडीत गोडावणारा तो मनगटाएवढा मुळा आपल्याबरोबरच सरणावर चढणार, या विचारानं तिला खरंच रडू यायचं.

पण रडत बसेल ती धोंडूबाई कसली! तिनं कुंपणाच्या काट्या उपसल्या. "साजगावला लेकीकडं चालले गं, घरात काळं कुत्रंसुदिक नाय!" असं वाडीभर ओरडत गेली. संध्याकाळी येऊन बघते, तर वाळलेल्या डिंगऱ्या जागच्या जागी आणि कुंपण नवंकोरं.

"शेळ्या घुसत व्हत्या मावशी, मीच बांधलं," सुनंदा हौसेनं म्हणाली.

"तुला कुणी सांगितला व्हता गं शहाणपणा!"

मग म्हातारीनं सुनंदाच्या जिभेलाच गळ टाकला. उशिरा पेरलेल्या ओळीतल्या कोवळ्या डिंगऱ्या सुका जवळा घालून परतल्या आणि वाटीभर शेजारी दिल्या. घटकाभरात सुनंदा बोटं चाटत दारात हजर.

"मावशी, चिमूटभर बी द्या की!"

"मागतेस?" धोंडूबाई किंचाळली. "आमच्यात मुळ्याचं बी मागत नायत, भवाने! माझी सासू काय कुणाच्या दारात मागाय गेली नव्हती. कशी गेली, ते तुझं तू समज. मी चालले झोपायला!" आणि भर दुपारी दार लावून ती मोठमोठ्यानं घोरायला लागली.

उठून बघते तर वाळलेल्या डिंगऱ्यांची एक अख्खी फांदी गायब! धोंडूबाईचा आनंद पोटात मावेना. पदर खोचून ती रस्त्यात उभी राहिली.

"कुणी गं चोरलं? मुडदा बशिवला तुझा! दिवाळी सरल्यावर पेरशील तर बघ! राखेत घोळवून पेरशील तर याद राख! आन पानी बेतानंच घालशील, तर मुळ्यांनी घर भरंल तुझं, सटवे!"

शेजारचं दार जरासं उघडलं.

"राख किती घ्यायची, मावशी?"

"मूठभर, चोरटे!"