कशापेक्षा बरा?

उत्तर इंग्लंडात, आमच्या डरहॅमकडच्या कोळशाच्या खाणीच्या गावात आजारी माणसाची चौकशी झाली की एकच उत्तर द्यायचं असतं : 'बेटर'. म्हणजे पहिल्यापेक्षा बरा. कुठल्या पहिल्यापेक्षा, हे विचारायचं नसतं. खाटकाच्या रांगेत, चॅपलच्या दारात, बसथांब्यावर, सगळीकडे हेच. वडलांच्या शेवटच्या आठवड्यात आईही 'बेटर' म्हणाली होती, आणि ऐकणाऱ्या शेजारणीने घरी जाऊन अंत्ययात्रेचा काळा कोट झटकायला काढला होता. गावाला कळतं. कुणी रडू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

माझा धाकटा भाऊ कुथबर्ट चाळीस वर्षं खाणीत होता. कोळशाची धूळ छातीत बसली. बायको आधीच गेलेली, म्हणून मीच त्याच्या घरी मुक्काम हलवला. त्याची एकुलती एक लेक एव्ह्रिल बारा वर्षांपूर्वी कॅनडाला गेली, तेव्हा बापलेकीचं चांगलंच वाजलं होतं.

"जा की! तुझ्यावाचून इथं कुणाचं अडलंय?" हा म्हणाला.

"बोलावल्याशिवाय पाऊल टाकायची नाही मी," ती म्हणाली.

दोघंही हट्टाला पेटलेली. तेव्हापासून ती दर रविवारी फोन करी, तोही मला.

फोन पॅसेजमध्ये. दार उघडं असे आणि कुथबर्ट नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन खुर्चीतून माझ्याकडे टक लावून बघत असे.

"बाबा कसे आहेत, आत्या?"

"बेटर गं. काल वाटीभर सूप प्यायला."

फोन ठेवला की हा मान डोलवी. "शाब्बास. उगाच पोरीच्या जिवाला घोर नको."

"तुला तिला बघायचं नाहीये का?"

"असं कोण म्हणालं? तोंड बंद ठेव आणि चहा टाक."

असे पंधरा रविवार गेले. तो खुर्चीतून पलंगावर गेला, मग त्याला चमचाही धरवेना. रोज येणारी नर्स रोवीना एकदा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"थेल्माबाई, आता लेकीला 'बेटर' सांगू नका हं. फार तर आठवडा आहे."

त्या रविवारी सवयीने तोच शब्द ओठांवर आला. मी पहिल्यांदाच पॅसेजचं दार लोटून घेतलं.

"एव्ह्रिल, तो बरा नाही. रोज खालावतोय. तू ये."

 

"आत्या, मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," ती म्हणाली. "मी याच गावची ना? बॅग भरून ठेवलीय केव्हाची. कुणीतरी 'ये' म्हणावं एवढीच वाट बघत होते. तुम्ही म्हणत नव्हतात, तेव्हा वाटलं, मरतानाही बाबांना मी नकोच आहे."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

मंगळवारी दुपारी फाटकाशी टॅक्सी थांबली. कुथबर्टने डोळे उघडले.

"सांगितलंस तू तिला?"

"सांगितलं. शिव्या द्यायच्या तर दे."

त्याने शिव्या दिल्या नाहीत. "माझे दात दे," म्हणाला. चार दिवस त्याने कवळी लावली नव्हती. मी ती धुऊन बसवली, केसांवरून कंगवा फिरवला. तेवढ्यात कोटासकट एव्ह्रिल आत आली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"चहा घेतलास का?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली आणि त्याच्या पांघरुणात तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली. त्याने हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो ठेवूनच झोपला.

त्याला धाप लागे, म्हणून तीच बोलत राही : तिकडचा बर्फ, मुलांच्या खोड्या, नवऱ्याचा जळका स्वयंपाक. तो हसायचा, खोकायचा, "पुढे?" म्हणायचा. शनिवारी सकाळी तो गेला.

प्रेताला खांदा देऊन आलेले लोक माझी पाठ थोपटत होते. किती केलंस भावाचं, म्हणत होते. एव्ह्रिलनेही जाताना मला घट्ट मिठी मारली, एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. बापलेकीच्या वाट्याला चार दिवस आले. बाकीचे पंधरा आठवडे मी खाल्ले, दर रविवारी एक.